यादीतले ॲनाग्राम फंक्शनल पद्धतीनं शोधायचे, तर सगळा जीव सहीच्या फंक्शनमध्ये आहे

प्रश्न शिरपूरच्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याचा आहे. त्याच्याकडे मराठी आणि अहिराणी मिळून पन्नासेक हजार शब्दांची यादी आहे, त्यातून ॲनाग्राम, म्हणजे तीच अक्षरं उलटसुलट करून होणारे शब्द, शोधायचेत. लूपमध्ये लूप लावून प्रत्येक शब्द दुसऱ्या प्रत्येक शब्दाशी ताडून बघितला तर लॅपटॉप तासन्‌तास हलत नाही, आणि सर म्हणताहेत की फंक्शनल पद्धतीनं, म्हणजे लूप न लावता छोटी फंक्शनं एकमेकांना जोडून, करून आण. तर त्याचं म्हणणं असं की लूपच नाही वापरायचा तर मग करायचं कसं, आणि मॅप-फिल्टर (यादीतल्या प्रत्येकाला फंक्शन लावायचं, आणि पाहिजेत तेवढेच ठेवायचे) लावून ते फास्ट कसं काय होईल.

भाऊ, आधी हे समजून घे की मॅप आणि फिल्टर लावले म्हणून काहीच फास्ट होत नाही. तोच दोन-दोन शब्दांचा मेळ तू फिल्टरच्या आत फिल्टर घालून लिहिलास तरी काम तेवढंच राहणार. पन्नास हजार शब्दांच्या जोड्या होतात जवळपास १२५ कोटी, आणि प्रत्येक जोडीला दोन्ही शब्दांची अक्षरं ताडायची म्हटल्यावर मशीन कुठलंही असो, रडणारच. काही जण दुसऱ्या टोकाला जातात, एका शब्दाच्या अक्षरांचे सगळे क्रम तयार करतात आणि यादीत आहे का बघतात, तर दहा वेगवेगळ्या अक्षरांचा शब्द असला की ३६,२८,८०० क्रम होतात, आणि हे एकाच शब्दाचं झालं. त्यामुळं हे दोन्ही रस्ते सोडून दे.

शब्दाची शब्दाशी तुलनाच करायची नाही. प्रत्येक शब्दाला एकट्याला घ्यायचं, त्याच्यापासून एक सही काढायची, आणि ही सही अशी पाहिजे की दोन शब्द एकमेकांचे ॲनाग्राम असले तर सही सारखीच येईल आणि नसले तर कधीच सारखी येणार नाही. सगळ्यात सोपी सही म्हणजे शब्दाची अक्षरं सुटी कर आणि सॉर्ट कर. 'कमल' घे, सुटं कर, लावून घे, क म ल. 'कलम' घे, तेच कर, परत क म ल. 'मगर' आणि 'गरम' दोघांचं ग म र. झालं, आता सारख्या सहीचे शब्द एका गटात टाक आणि ज्या गटात दोन किंवा जास्त शब्द आहेत तेवढे ठेव. पन्नास हजार शब्द असतील तर पन्नास हजार वेळा सॉर्ट, ते पण चार-सहा अक्षरांचं, काही सेकंदांच्या आत होतं.

हे फंक्शनल पद्धतीत इतकं चांगलं का बसतं तर सही हे अगदी शुद्ध फंक्शन आहे, तेच इनपुट दिलं की तेच आउटपुट, बाहेरचं काही वाचत नाही, काही बदलत नाही. इथं एक काळजी घे. जावास्क्रिप्टचं नेहमीचं सॉर्ट मूळ ॲरेच बदलून टाकतं, न बदलणारं टू-सॉर्टेड २०२३ च्या आवृत्तीत आलं. पायथनमध्ये लिस्टचं स्वतःचं सॉर्ट जागेवर बदलतं आणि परत काहीच देत नाही, सॉर्टेड मात्र नवी लिस्ट देतं. तुला प्रत्येक वेळी नवी देणारंच पाहिजे. आणि पायथनमध्ये ती लिस्ट डिक्शनरीची 'की', म्हणजे जिच्यावरून शोधायचं ती किल्ली, होऊ शकत नाही, म्हणून टपल, म्हणजे न बदलणारी लिस्ट, कर.

सही निवडताना लोक शॉर्टकट मारतात तिथं नीट बघ. सेट वापरू नको, कारण सेटमध्ये एकच अक्षर दोनदा आलं तरी एकदाच राहतं, मग 'काका' आणि 'का' ची सही एक होऊन बसते. अक्षरांच्या नंबरांची बेरीज पण नको. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरसाठी प्रत्येक अक्षराला ठरवून दिलेल्या नंबरांत, र चा नंबर २३५२ आणि स चा २३६०, बेरीज ४७१२. आता 'वळ' बघ, व चा २३५७, ळ चा २३५५, बेरीज परत ४७१२. म्हणजे 'रस' आणि 'वळ' तुझ्या प्रोग्रॅमच्या मते ॲनाग्राम. अजून एक युक्ती इंग्रजीवाले वापरतात, प्रत्येक अक्षराला एक मूळ संख्या द्यायची आणि गुणाकार करायचा, ते गणितानं बरोबर आहे, ॲनाग्राम नसलेल्या दोन शब्दांचा गुणाकार सारखा येऊच शकत नाही, पण शब्द लांब झाला की आकडा ६४ बिटांत मावत नाही, आणि आपल्या जोडाक्षर-काना-मात्रांसकट अक्षरं धरली तर ती हजारोंनी होतात, एवढ्या मूळ संख्या कुठं वाटत बसणार. सॉर्ट कर, साधं आहे, खात्रीचं आहे, आणि सही चुकली तर डोळ्यांनी वाचता येते.

रचना अशी होते, कुठल्याही भाषेत हीच:

सही(तोड, शब्द) = शब्द → तोड → सॉर्ट

ॲनाग्राम(तोड, यादी) =
यादी
→ मॅप(साफ)
→ युनिक
→ ग्रुप-बाय(सही(तोड))
→ फिल्टर(गटात दोन किंवा जास्त शब्द)

साफ आणि तोड यांच्यावर खाली बोलतो, तेच खरं महत्त्वाचं आहे. युनिक विसरलास तर यादीत चुकून दोनदा आलेला शब्द स्वतःचाच ॲनाग्राम म्हणून मिरवतो, आणि हे युनिक साफ केल्यानंतरच लावायचं, आधी लावून उपयोग नाही.

ग्रुप-बाय बद्दल मात्र थांबून सांगतो, कारण नावं सारखी आणि वागणं वेगळं आहे. क्लोजर, स्काला, एलिक्झिर या भाषांतलं ग्रुप-बाय सगळी यादी फिरून एक मॅप (डिक्शनरीसारखा, वरचं मॅप फंक्शन नव्हे) देतं, सही कडून शब्दांच्या यादीकडे. पण पायथनच्या इटरटूल्समधलं आणि हॅस्केलच्या डेटा-लिस्टमधलं ग्रुप-बाय फक्त शेजारी-शेजारी असलेले सारखे एकत्र करतं. त्यांना आधी सहीनुसार सॉर्ट केलेली यादी दिली नाहीस तर 'कमल' पानाच्या वरती आणि 'कलम' खालती असल्यावर दोन वेगवेगळे गट पडतात, एरर येत नाही, नुसते ॲनाग्राम कमी सापडतात, आणि कमी सापडले हे कळणार कसं?

तुझे सर फोल्ड, म्हणजे यादीतला एकेक घेत एकच निकाल बांधत जाणं, विचारतील, तर ग्रुप-बाय हे फोल्डच आहे हे त्यांना दाखव. रिकाम्या मॅपपासून सुरू कर, एक शब्द घे, सही काढ, त्या सहीखाली जी यादी असेल तिच्या पुढं हा शब्द जोड, आणि जो नवा मॅप होईल तो पुढच्या शब्दाला दे. हॅस्केलमध्ये हेच काम फ्रॉम-लिस्ट-विथ एका ओळीत करतं. पुढं जोड म्हणालो, मागं नाही, कारण न बदलणाऱ्या लिंक्ड लिस्टला मागं जोडायचं म्हणजे अख्खी लिस्ट परत बांधायची, पुढं जोडायचं म्हणजे एक नवीन डोकं लावायचं. गटातले शब्द त्यामुळं उलट्या क्रमानं येतात, क्रम पाहिजेच असला तर शेवटी एकदा उलटव. आणि प्रत्येक पायरीला नवा मॅप म्हटल्यावर मेमरी फुटेल अशी भीती बऱ्याच जणांना वाटते, तसं होत नाही, या भाषांचे मॅप आतून झाडासारखे असतात, नवा मॅप जुन्याच्या बहुतेक फांद्या तशाच वापरतो, फक्त बदललेला रस्ता नवीन.

आता तोड. इंग्रजी यादी असती तर मी इथंच थांबलो असतो, तिथं 'लिसन' आणि 'सायलेंट' दोघांचं स्पेलिंग सुटं केलं की ई, आय, एल, एन, एस, टी हीच सहा अक्षरं निघतात, वाद नाही. मराठीत मात्र शब्द सुटा करायचा म्हणजे नक्की कशात करायचा हे तुलाच ठरवायला लागतं, कॉम्प्युटर ते तुझ्यासाठी बरोबर ठरवत नाही. नेहमीच्या बहुतेक प्रोग्रॅमिंग भाषांत स्ट्रिंग सुटी केली की युनिकोडचे कोडपॉइंट, म्हणजे तेच वरचे नंबर, मिळतात, आणि त्यात काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळे स्वतंत्र तुकडे असतात.

'तापी' घेऊन बघ. आपल्याला दिसतात दोन अक्षरं, ता आणि पी. कॉम्प्युटरला दिसतात चार तुकडे: त २३४०, काना २३६६, प २३४६, दीर्घ वेलांटी २३६८. सॉर्ट केल्यावर २३४०, २३४६, २३६६, २३६८. आता 'पाती' घे, कांद्याची पाती म्हणतो ती, तिचे पण हेच चार नंबर, सॉर्ट केल्यावर तीच सही. म्हणजे कोडपॉइंटच्या हिशोबानं तापी आणि पाती ॲनाग्राम आहेत, पण कोणत्याही शाळेतल्या पोराला विचार, ता-पी ची अक्षरं फिरवली तर पी-ता होईल, पा-ती नाही होणार. आपल्याकडचे असे शब्द काढायला गेलं तर भरपूर निघतात. 'शेव' आणि 'वेश'. 'नाक' आणि 'कान'. आणि मला सगळ्यात आवडणारा गट म्हणजे 'भरीत', 'भरती' आणि 'भीतर', तिघांत भ, र, त आणि एक दीर्घ वेलांटी, वेलांटी कुठल्या अक्षराला लागते तेवढाच फरक.

अक्षरानुसार तोडलं तर यातलं एकही राहत नाही, वेगळे उरतात. 'राग' म्हणजे रा आणि ग. 'गरा' म्हणजे ग आणि रा. हे दोघं अक्षराच्या हिशोबानं खरे ॲनाग्राम. 'गार' मध्ये गा आणि र, तो कोडपॉइंटच्या गटात राग-गरा सोबत येतो, अक्षराच्या गटातून बाहेर पडतो. तसंच 'काम' आणि 'मका' चालतात, 'कान' आणि 'नका' चालतात. तिसरा हिशोब पण आहे, वर्ण फोडायचे, म्हणजे क मधला लपलेला अ सुद्धा मोजायचा आणि काना म्हणजे आ धरायचा. त्या हिशोबानं 'ऊस' आणि 'असू' ॲनाग्राम होतात, दोन्हीकडे ऊ, स्, अ, पण कोडपॉइंटमध्ये ते कधीच सापडणार नाहीत कारण सुटा ऊ आणि स ला लागलेला ऊकार यांचे नंबर वेगळे आहेत.

कुठला हिशोब बरोबर? मला विचारशील तर मराठी शब्दकोड्यासाठी, खेळासाठी, शाळेसाठी अक्षराचा हिशोबच बरोबर, कारण कोड्याच्या चौकटीत आपण 'ता' एका घरात लिहितो. कोडपॉइंटचा हिशोब सोपा पडतो म्हणून वापरायचा हे मला पटत नाही. पण तू दोन्ही ठेव, आणि इथंच फंक्शनल पद्धतीचा खरा फायदा आहे. वरच्या रचनेत मी 'तोड' हे आर्ग्युमेंट ठेवलंय ते याच्यासाठी, ते एक फंक्शन आहे, तू कोडपॉइंटवालं दे, अक्षरवालं दे, वर्णवालं दे, बाकीची एक ओळ पण बदलायची नाही. प्रोजेक्टमध्ये तिन्ही देऊन तिन्हीचे निकाल शेजारी-शेजारी दाखव, सरांना हायर-ऑर्डर फंक्शन म्हणजे काय ते वेगळं समजावून सांगायला लागणार नाही.

अक्षरवालं तोड स्वतः लिहायला बसू नको, युनिकोडचे ग्राफीम क्लस्टरचे, म्हणजे डोळ्यांना एक दिसणाऱ्या अक्षराचे, नियम आहेत, एलिक्झिरमध्ये स्ट्रिंगचं ग्राफीम्स फंक्शन आहे, स्विफ्टमध्ये कॅरेक्टर म्हणजेच ग्राफीम, पायथनला वेगळी रेजेक्स लायब्ररी घ्यायला लागते. पण लायब्ररी कुठल्या युनिकोडवर चालते ते तपास. २०२३ मध्ये आलेल्या युनिकोड १५.१ पासून देवनागरीची जोडाक्षरं एकत्र धरायचा नियम आला, त्याच्या आधीच्या नियमांत हलन्तानंतर तुकडा पडायचा. तुझ्या यादीतला अहिराणीचा 'मन्हा' जुन्या लायब्ररीत म, न्, हा असा तीन तुकड्यांत तुटेल आणि नवीन मध्ये म, न्हा असा दोनच. दोन मित्रांनी एकच प्रोग्रॅम वेगवेगळ्या मशीनवर चालवला आणि गट वेगळे आले तर हे पहिलं बघायचं. आणि सही करताना अक्षरं परत चिकटवून एक स्ट्रिंग करणार असशील तर मध्ये काहीतरी खूण टाक, कारण 'अर्थात्' सारख्या शब्दात शेवटचं अक्षर त् असं पायमोडकं असतं, ते पुढच्या अक्षराला चिकटून भलतंच जोडाक्षर तयार होतं.

सही स्क्रीनवर छापलीस आणि ठिपक्यांचं गोल वर्तुळ दिसलं तर घाबरू नको. कोडपॉइंटच्या हिशोबात अनुस्वाराचा नंबर सगळ्या व्यंजनांच्या आधी येतो, म्हणून 'नंदुरबार' ची सही अनुस्वारापासून सुरू होते, आणि अनुस्वाराला बसायला अक्षर नाही म्हणून ते वर्तुळ. डेटा ठीक असतो.

राहिलं साफ, आणि मराठी डेटावर काम करणाऱ्या माणसाचा निम्मा वेळ इथंच जातो. 'शेतकऱ्यांना' हा शब्द टाइप करायच्या दोन पद्धती चालतात. एकीत नुक्तावाला (खाली टिंब असलेला) ऱ असतो आणि हलन्त, दुसरीत साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारा जोडणारा कोड. स्क्रीनवर दोन्ही सारखे दिसतात, आत वेगळे आहेत, आणि युनिकोडचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी कोडरूपं एक करायचं) लावलं तरी हे दोन एक होत नाहीत, ते तुला हातानं करायला लागतं. 'ॲप' चं पण तसंच, एकात ॲ हा एकच कोड असतो, दुसऱ्यात अ आणि वर वेगळा चंद्र. म्हणजे साफ मध्ये आधी नॉर्मलायझेशन, मग ऱ चं एक रूप, ते नुक्तावालं, मग ॲ चं एक रूप, आणि सगळ्यात शेवटी राहिलेले न दिसणारे कोड काढून टाकायचे.

हा क्रम पाळच. न दिसणारे कोड आधी काढलेस तर साध्या र नं लिहिलेल्या 'दऱ्या' ची 'दर्या' होते, डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र झाला. आचाऱ्यांना चं आचार्यांना होतं, स्वयंपाकी गेले आणि गुरुजी आले. प्रोग्रॅम काही तक्रार करत नाही, यादी मात्र बिघडते. म्हणून साफ हे चार छोट्या फंक्शनांचं कॉम्पोझिशन म्हणून लिही, एका ओळीत चारही नावं क्रमानं दिसली पाहिजेत, एका मोठ्या फंक्शनच्या पोटात पुरून टाकू नको. आणि अहिराणी शब्दांचं स्पेलिंग सुधारायच्या भानगडीत पडू नको. गावोगावी बोलायची आणि लिहायची ढब वेगळी आहे, जळगावकडचं वेगळं, धुळ्याकडचं वेगळं, ज्यानं जसं लिहून दिलं तसं ठेव, साफ चं काम फक्त कोड एकसारखे करायचं, भाषा एकसारखी करायचं नाही.

ही सहीची कल्पना फक्त खेळापुरती नाही म्हणून मी एवढं तळमळून सांगतोय. रावेर-यावल पट्ट्यातल्या केळीच्या व्यवहारातल्या नावांच्या याद्या मी जुळवून देतो, त्यात एकाच माणसाचं नाव एका वहीत आडनाव आधी आणि दुसऱ्या वहीत नाव आधी, वडिलांचं नाव कधी मध्ये कधी शेवटी. तिथं अक्षरांच्या ऐवजी शब्द सुटे करतो, सॉर्ट करतो, तीच सही, तोच ग्रुप-बाय, तोच फिल्टर. तोड बदललं, बाकी रचना हीच. अर्थात सही जुळली म्हणजे माणूस तोच असं मी धरत नाही, गाव आणि बाकीचं बघून माणसानंच शेवटचं ठरवायचं, पण हजारो नावांतून बघण्यासारखे गट वर येतात.

तुला नुसते गट नको असतील, एखादा शब्द देऊन त्याचे ॲनाग्राम पाहिजे असतील, तर असं फंक्शन लिही जे यादी घेतं, मॅप बांधतं, आणि शोधणारं दुसरं फंक्शन परत देतं. मॅप त्या दुसऱ्या फंक्शनच्या क्लोजरमध्ये (ती भाषा नव्हे, फंक्शननं सोबत धरून ठेवलेली माहिती) राहतो, एकदाच बांधला जातो. पोरं मॅप बांधायचं काम शोधणाऱ्या फंक्शनच्या आत ठेवतात, मग प्रत्येक शब्दाला पन्नास हजार सह्या परत. यादी कोटींत गेली तर तुकडे करून वेगवेगळ्या कोअरवर गट पाड आणि मॅप एकमेकांत मिळव, सारख्या सहीच्या याद्या जोडायच्या, कुठले दोन मॅप आधी मिळवले यानं गटात काही फरक पडत नाही म्हणून हे बिनधास्त करता येतं. गूगलच्या २००४ च्या मॅपरिड्यूस (मोठा डेटा अनेक मशीनवर वाटून काम करायची पद्धत) पेपरमागची कल्पना हीच, आणि ते मॅप आणि रिड्यूस लिस्पसारख्या फंक्शनल भाषांतूनच घेतलेले. दोन शब्द मिळून एक, किंवा शब्दातली थोडीच अक्षरं वापरून दुसरा शब्द, हा प्रश्न वेगळा आहे, तिथं सॉर्ट केलेली सही पुरत नाही, अक्षरांची मोजणी करून वजाबाकी करत रिकर्शननं जायला लागतं, त्याच्यात आत्ता शिरू नको.

निकाल दाखवताना गटाच्या आकारावर लावू नको, दोन अक्षरी शब्दांचे ढीगभर गट वर येतात आणि बघणारा कंटाळतो. अक्षरांच्या संख्येवर लाव, लांब शब्द आधी, चार-पाच अक्षरी जोडी सापडली की तीच बघायला मजा येते.

तपासायला हाताने लिहिलेली उदाहरणं थोडी ठेव, कमल-कलम, राग-गरा-गार, रस-वळ, काका-का, आणि ऱ ची दोन रूपं. त्याच्या जोडीला एक सरसकट टेस्ट लिही: यादीतला कुठलाही शब्द घे, तोड नं सुटा कर, तुकड्यांचा क्रम कसाही हलव आणि सॉर्ट कर, सही तीच आली पाहिजे. तुकडे चिकटवून परत शब्द करून ही टेस्ट लावू नको, हललेला काना भलत्याच ठिकाणी बसला की तोड त्याला वेगळाच वाचेल आणि टेस्ट उगाच पडेल. दुसरी टेस्ट, फिल्टर लावायच्या आधी सगळ्या गटांतले शब्द मोज, ती बेरीज युनिक यादीएवढीच भरली पाहिजे. तिसरी, साफ दोनदा लावलं तरी निकाल एकदा लावल्यासारखाच पाहिजे. आणि चौथी त्या शेजारी-शेजारीवाल्या ग्रुप-बायसाठी, यादीचा क्रम कसाही हलवून चालव, गट तेवढेच आणि तेच आले पाहिजेत.